इव्रियाचा निळा फलक

इटलीच्या वायव्य भागांत, ट्यूरिनच्या उत्तरेस सुमारें ५० किलोमीटरांवर, डोरा बाल्तेआ नदीच्या कांठीं इव्रिया नांवाचें एक जुनें गांव आहे. गांव लहान, पण इतिहासाला त्याची दखल दोनदां घ्यावी लागली आहे. इ. स. १००२ मध्यें तेथील सरदार आर्दुइनो यानें पाविया येथें इटलीचा राजमुकुट धारण केला. दोनच वर्षांनीं जर्मनीच्या दुसऱ्या हेन्रीनें पावियालाच येऊन इटलीचा राजा म्हणून स्वतःचा अभिषेक करवून घेतला. आर्दुइनोनें पुढें पुष्कळ वर्षें झुंज दिली आणि शेवटीं एका मठांत जाऊन तेथेंच १०१५ सालीं देह ठेविला. राज्य गेलें, पण गांवानें आपल्या राजाचें नांव टाकलें नाहीं. रस्त्याला तें नांव आहे, आणि एका साध्या मद्यगृहालाहि तें मिळालें होतें. हें मद्यगृह या हकीकतींत पुढें यावयाचें आहे.

दुसरी दखल विसाव्या शतकांतली. १९०८ सालीं कामिल्लो ऑलिव्हेत्ती यांनीं येथें टाइपरायटरचा कारखाना काढला आणि त्यांचे पुत्र आद्रियानो यांच्या अमदानींत तो सर्व युरोपांत नांवाजला गेला. त्याच कारखान्याच्या पिएर जॉर्जो पेरोत्तो या इंजिनियरानें आणि त्याच्या चार-दोन सहकाऱ्यांनीं ‘प्रोग्रामा १०१’ हें टेबलावर मावणारें गणकयंत्र तयार केलें. १९६५ सालीं न्यूयॉर्कच्या प्रदर्शनांत तें मांडलें गेलें, तेव्हां लोक त्याच्याभोंवतीं दाटी करून उभे राहिले. पुढें ह्युलेट-पॅकार्ड या अमेरिकन कंपनीनें त्याच धर्तीचें यंत्र बाजारांत आणलें आणि त्यापायीं तिला ऑलिव्हेत्तीला सुमारें ९ लाख डॉलर मोजावे लागले. कल्पना ज्याची, पैसा त्याचा, हा न्याय पेटंटाच्या कायद्यानें असा रोखठोक चुकता केला. याच गांवांत चाळीस वर्षांनीं याच्या अगदीं उलट रीतीचा प्रयोग व्हावा, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. त्या प्रयोगांत यंत्राचा आराखडा सर्व जगाला मोफत देऊन टाकण्यांत आला, आणि तरीहि त्यावर पैसा उभा राहिला. तो कसा उभा राहिला, आणि त्यानें माणसांत काय काय घडवून आणलें, ही हकीकत सांगण्याजोगी आहे.

२००१ सालीं टेलिकॉम इटालिया आणि ऑलिव्हेत्ती यांच्या द्रव्यसाहाय्यानें इव्रिया येथें एक शिक्षणसंस्था निघाली. माणूस आणि यंत्र यांचा व्यवहार सुकर कसा करावा, हा तेथील अभ्यासाचा विषय. विद्यार्थी बहुतेक चित्रकार, रचनाकार, वास्तुशास्त्रज्ञ अशा पठडीचे. विजेच्या तारा जोडण्याची विद्या त्यांतल्या फारच थोड्यांना अवगत. पण त्यांच्या कल्पनांना मात्र जिवंत यंत्रें हवीं होतीं: हात जवळ नेला कीं उजळणारा दिवा, कोणी समोर आलें कीं हलणारी बाहुली. अशा कामाला मायक्रोकंट्रोलर लागतो. नखाएवढ्या काळ्या चकतींत सांठवलेला तो एक लहानसा गणक होय. त्याला एकदां हुकूम शिकवून ठेवले, कीं तो ते जन्मभर बिनबोभाट पाळतो. बाजारांत अशा चकत्या असलेले तयार फलक मिळत, पण संस्थेंत त्या वेळीं वापरांत असलेल्या अमेरिकन फलकाची किंमत सुमारें ५० डॉलर होती, आणि त्याची भाषाहि या कामाला अपुरी पडे. एक फलक जळाला कीं विद्यार्थ्याचा महिन्याचा खर्च कोलमडावयाचा.

ही अडचण दूर करण्याचें पहिलें मोठें काम एका परदेशी विद्यार्थ्यानें केलें. एर्नांदो बारागान हे कोलंबियाचे. २००३ च्या सुमारास त्यांनीं आपल्या पदव्युत्तर प्रबंधासाठीं ‘वायरिंग’ नांवाची योजना हातीं घेतली. मासिमो बॅन्झी आणि केसी रीस हे त्यांचे मार्गदर्शक होते. यांपैकीं रीस यांनीं बेन फ्राय यांच्यासह चित्रकारांसाठीं ‘प्रोसेसिंग’ ही सोपी संगणकभाषा पूर्वींच तयार केली होती. बारागान यांनीं त्या भाषेच्या नमुन्यावर हुकमांची एक लहान शब्दावली बसविली, त्याबरोबर एक फलकहि आंखला, आणि ज्याला विजेच्या विद्येचा गंध नाहीं अशा माणसानें एका दुपारांत दिवा लुकलुकवावा इतकें तें सर्व सुगम करून ठेविलें. हा सर्व आराखडा त्यांनीं खुला ठेविला होता. खुला याचा अर्थ, कोणीहि तो घ्यावा, बदलावा, पुढें न्यावा.

आणि तो खरोखरच पुढें नेला गेला. २००५ सालीं बॅन्झी, स्वीडनमधील माल्मो विद्यापीठांतून आलेले स्पॅनिश इंजिनियर दाविद कुआर्तिएयेस आणि संस्थेंतील डेव्हिड मेलिस यांनीं वायरिंगचीच घडी अधिक स्वस्त चकतीवर बसविली. स्थानिक कारखानदार जान्लुका मार्तिनो यांनीं फलक तयार करून देण्याचें पत्करलें, आणि न्यूयॉर्क विद्यापीठाचे अध्यापक टॉम आयगो पुढें येऊन मिळाले. असा हा पांचांचा मेळ जमला. बारागान त्यांत नव्हते. ही मंडळी संध्याकाळीं ज्या मद्यगृहांत बसत, त्याचें नांव आर्दुइनो राजावरून पडलेलें होतें. तेंच त्यांनीं आपल्या फलकाला दिलें. आज जगभर तें इंग्रजी वळणानें ‘आर्डुइनो’ असें उच्चारलें जातें. नऊ शतकांहून अधिक काळ विस्मृतींत पडलेला तो पराभूत राजा असा अकल्पित रीतीनें शाळाशाळांतून पोंचला.

आराखडा खुला करण्यामागें नुसती उदारबुद्धि होती असें मानण्याचें कारण नाहीं. संस्थेचे आश्रयदाते हात आंखडता घेऊं लागले होते. ती लौकरच इव्रियांतून उठणार आणि मिलानच्या एका दुसऱ्या संस्थेंत विलीन होणार, हें दिसूं लागलें होतें. संस्था गेली कीं तिच्या मालकीच्या वस्तूंचें काय होतें, हें ज्यानें पाहिलें असेल त्याला या मंडळींची धास्ती समजेल. कपाटांना कुलुपें पडतात, कागद वकिलांच्या हातीं जातात, आणि वर्षानुवर्षांची मेहनत कोणाच्याच उपयोगीं न पडतां धूळ खात राहते. यावर त्यांनीं उपाय काढला तो असा, कीं कपाटाला कुलूप लागण्यापूर्वीं आंतील वस्तु सर्वांना वाटून टाकावी. फलकाचा नकाशा, सुट्या भागांची यादी, हुकमांची भाषा, सर्व प्रसिद्ध करण्यांत आलें. अट एवढीच, कीं घेणाऱ्यानें मूळ कर्त्याचा निर्देश करावा, आणि त्यांत जी सुधारणा करील तीहि तशीच खुली ठेवावी.

येथें एक गोष्ट स्पष्ट समजून घेतली पाहिजे, नाहीं तर पुढील सर्व भांडण अनाकलनीय वाटेल. संगणकाची आज्ञावली खुली करणें आणि यंत्र खुलें करणें या दोन गोष्टी दिसावयास सारख्या, पण व्यवहारांत फार निराळ्या. आज्ञावलीची हजारावी प्रत काढण्यास कांहींच खर्च येत नाहीं. फलकाची प्रत्येक प्रत तांबें, कथील, चकती, मजुरी, जकात आणि टपालहंशील मागते, आणि हा सर्व पैसा विक्रीच्या आधीं ओतावा लागतो. हजार फलक काढावयाचे तर हजार चकत्यांचे पैसे आज द्यावयाचे; ते खपतील केव्हां, हें दैवाधीन. म्हणून खुल्या यंत्राचा प्रत्येक कर्ता, त्याची इच्छा असो वा नसो, लहानमोठा दुकानदार होतोच. आणि दुकानदारीला कांहीं तरी राखून ठेवावें लागतें. सर्वच देऊन टाकलें तर शेजारचा दुकानदार तेंच घेऊन दोन पैसे कमी दरानें विकूं लागतो. मग राखावें काय? लेखनाचा हक्क नकाशाच्या कागदापुरता चालतो, त्यावरून घडविलेल्या फलकावर तो फारसा चालत नाहीं. पेटंट काढावें, तर त्यास वर्षें लागतात, द्रव्य लागतें, आणि तें काढणें हें मूळ संकल्पाच्याच विरुद्ध जातें. शेवटीं उरतें तें नांव. आर्डुइनोच्या कर्त्यांनीं नेमकें तेंच राखलें. फलक कोणीहि करावा. पण ‘आर्डुइनो’ हा शब्द त्यावर छापावयाचा असेल तर त्यांची अनुज्ञा घ्यावी आणि त्याबद्दल ठराविक शुल्क द्यावें, असा नियम ठरला.

व्यवहाराचा आरंभ अगदीं लहान होता. पहिले ३०० कोरे फलक विद्यार्थ्यांत वांटले गेले आणि सांगण्यांत आलें, कीं जोडणीची माहिती आंतरजालावर आहे, ती पाहून ज्यानें त्यानें आपला फलक जुळवावा व कामाला लावावा. त्यांतून निघालेल्या पहिल्या वस्तूंत छताला दोरीनें टांगलेलें एक गजराचें घड्याळ होतें. झोपाळू माणसानें गजर बंद केला, कीं तें थोडें वर सरके. असें करतां करतां शेवटीं त्याला अंथरुणांतून उठावेंच लागे. किंमत ठरवितांनाहि हिशेब घरगुती होता. मित्रमंडळींबरोबर बाहेर जाऊन एक वेळ पिझ्झा खाण्यास जेवढें लागतें तेवढेंच, म्हणजे सुमारें ३० डॉलर. इतर कारखानदारांचे फलक हिरवे असत, म्हणून यांचा निळा करण्यांत आला. दुसरा कोणी पुसून टाकूं शकणार नाहीं अशी ओळख हवी, याची जाणीव या मंडळींना पहिल्या दिवसापासून होती, असें यावरून दिसतें.

हा फलक फैलावला तो मात्र अटलांटिकच्या पलीकडील दुकानांनीं. कोलोरॅडोंत नेथन साइडल यांनीं विद्यार्थिदशेंतच २००३ सालीं ‘स्पार्कफन’ हें दुकान सुरू केलें होतें. २००५ सालीं लिमोर फ्रीड यांनीं मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशाळेंत शिकत असतां ‘अ‍ॅडाफ्रूट’ची मुहूर्तमेढ रोवली आणि पुढें तें न्यूयॉर्कला नेलें. फ्रीड यांची रीत लक्षांत घेण्यासारखी आहे. त्या आपल्या वस्तूंचे आराखडे उघड प्रसिद्ध करीत. कोणीहि उचलून न्यावे. पण त्या वस्तूबरोबर ती कशी वापरावी याचे सविस्तर पाठ असत, बिघडली तर विचारण्यास जागा असे, आणि फलक तपासूनच पाठविला जाई. गिऱ्हाइकाला आराखडा फुकट मिळत असूनहि तो पैसे देई ते या निश्चिंतीसाठीं. वैद्याचें औषध ग्रंथांत छापलेलें असतें. तरी लोक वैद्याकडे जातात, त्यांतलाच हा प्रकार. बाहेरच्या भांडवलदाराचा पैसा न घेतां हें दुकान वाढलें, हेंहि येथें नमूद केलें पाहिजे, कारण पुढें ज्यांनीं तो घेतला त्यांची गत वेगळी झाली.

आर्डुइनोची विक्री वाढत गेली. २०१३ च्या सुमारास अधिकृत फलकांची संख्या ७ लाखांच्या घरांत गेल्याचा अंदाज होता, आणि प्रत्येक अधिकृत फलकामागें निदान एक तरी प्रत असावी असें स्वतः कर्तेच म्हणत. या प्रती बहुतेक चीनमधील कारखान्यांतून येत. त्या करण्यांत गैर असें कांहींच नव्हतें. आराखडा खुला होता तो याचसाठीं. बॅन्झी यांनीं २०१३ सालीं या प्रतींची सार्वजनिक रीतीनें प्रतवारीच लावून दाखविली. आराखड्यांत भर घालून निराळ्या नांवानें निघालेले फलक, त्यांच्या मतें, या चळवळीचें भूषण. जशीच्या तशी नक्कल करून दुसऱ्या नांवानें विकणाऱ्यांनीं कायदा मोडला नाहीं, पण भरहि कांहीं घातली नाहीं. ज्यांनीं नांवासकट नक्कल केली ते मात्र निव्वळ भामटे. निषिद्ध काय होतें? तर नांव चोरणें. फलक चोरणें हा शब्दप्रयोगच या व्यवहारांत संभवत नाहीं.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील दुकानांत किंवा पुण्याच्या बुधवार पेठेंत इंजिनियरिंगचे विद्यार्थी आपल्या शेवटच्या वर्षाच्या प्रयोगासाठीं जे निळे फलक कांहीं शें रुपयांस घेतात, ते बहुधा अशाच प्रती असतात. इटलींतला अधिकृत फलक येथें पोंचेपर्यंत त्याची किंमत कित्येक पट झालेली असते. येथील कित्येक विद्यार्थ्यांनीं मूळ फलक पाहिलेलाहि नसेल. पण विद्या त्यांना पुरी मिळाली. इव्रियाच्या मंडळींना एक पैसाहि न देतां ती मिळाली, हें जितकें खरें तितकेंच हेंहि खरें, कीं फलक खुला नसता तर ती मिळालीच नसती. नफा कोणाचा बुडाला, याचें उत्तर येथें सरळ देतां येत नाहीं.

या चळवळीला एव्हांना कायद्याची चौकटहि येऊं लागली होती. २०१० सालीं न्यूयॉर्कला खुल्या यंत्रांच्या कर्त्यांची पहिली परिषद भरली, पुढच्या वर्षीं ‘खुलें यंत्र’ कशास म्हणावें याची व्याख्या ठरली, आणि २०१२ सालीं त्यासाठीं एक संस्था स्थापन झाली. व्याख्येंत एक कलम फार महत्त्वाचें आहे: ज्याला हें यंत्र करून विकावयाचें असेल त्याला मज्जाव नाहीं. विक्रीला मनाई करणारा आराखडा खुला नव्हेच. पैसा मिळविणें हा या लोकांच्या दृष्टीनें दोष नव्हता. तो कसा मिळवावा, एवढाच प्रश्न होता.

त्याचीं उत्तरें निरनिराळ्यांनीं निरनिराळीं दिलीं. कांहींनीं गिऱ्हाइकांकडून आगाऊ वर्गणी घेतली. २०१४ सालीं अँड्र्यू ह्वांग आणि शॉन क्रॉस यांनीं ‘नोव्हेना’ नांवाचा संपूर्ण खुल्या आराखड्याचा संगणक काढण्याचें ठरविलें तेव्हां लोकांनीं तो तयार होण्यापूर्वींच ७ लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमा करून दिली. ज्यांनीं पैसे दिले त्यांना यंत्रें मिळालीं. कारखाना वाढविण्याचा मोह त्यांनीं धरला नाहीं. ‘मेकरबॉट’ची कथा निराळी. प्लॅस्टिकचा धागा वितळवून वस्तूवर वस्तु रचणारें मुद्रणयंत्र बाथ विद्यापीठाचे एड्रियन बोयर यांनीं २००५ पासून खुल्या आराखड्यानें विकसित केलें होतें. त्याच आधारावर २००९ सालीं ब्रुकलिनच्या तिघांनीं ही कंपनी काढली, आणि तिच्या आरंभींच्या ७५ हजार डॉलरांपैकीं २५ हजार खुद्द बोयर पतिपत्नींनीं दिले होते. २०११ सालीं मोठ्या भांडवलदारांनीं १ कोटि डॉलर घातले. पुढच्याच वर्षीं तिघांपैकीं झॅकरी स्मिथ कंपनींतून बाहेर पडले, आणि त्याच वर्षीं निघालेल्या नव्या यंत्राचा आराखडा बंद झाला. स्मिथ यांनीं आपली व्यथा जाहीरपणें बोलून दाखविली. २०१३ सालीं ती कंपनी ४० कोटि ३० लाख डॉलर किंमतीच्या समभागांच्या मोबदल्यांत विकली गेली; घेणारी कंपनी स्ट्रॅटासिस. धागा वितळवून मुद्रण करण्याचें मूळ पेटंट तिच्याच संस्थापकाचें होतें, आणि त्या पेटंटाची मुदत २००९ मध्यें संपल्यावरच मेकरबॉटसारख्यांना वाव मिळाला होता. चक्र पुरें फिरलें. ज्या हजारों हौशी लोकांनीं त्या यंत्रांत फुकट सुधारणा सुचविल्या होत्या, त्यांचा या रकमेंत वांटा नव्हता.

आर्डुइनोच्या मंडळींनीं आराखडा बंद केला नाहीं. त्यांच्या घरांत आग लागली ती दुसऱ्याच कोपऱ्यांतून, आणि ती नेमकी राखून ठेवलेल्या वस्तूला लागली. पांचांनीं मिळून २००८ सालीं अमेरिकेंत ‘आर्डुइनो एलएलसी’ ही कंपनी स्थापन केली होती. नांवाची मालकी तिच्याकडे असावी, असा समज होता. पण फलक तयार करणाऱ्या मार्तिनो यांच्या कारखान्यानें त्याच वर्षाच्या अखेरीस इटलींत तें नांव स्वतःच्या कंपनीकडे नोंदवून घेतलें होतें. इतर चौघांना तें फार उशिरां समजलें, असें बॅन्झी यांचें म्हणणें आहे. वाटाघाटी बरींच वर्षें चालल्या. २०१४ सालीं कारखान्यानें आपलें नांव बदलून ‘आर्डुइनो एसआरएल’ केलें, शुल्क देणें थांबलें होतें, आणि २०१५ सालीं प्रकरण मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयांत गेलें. जगांत एकाच नांवाच्या दोन कंपन्या, एकाच नांवाचीं दोन संकेतस्थळें, आणि गिऱ्हाइक बिचारा गोंधळांत. खरा आर्डुइनो कोणता? दोन्हीं फलक एकाच नकाशावरून निघालेले. तांब्याच्या रेषा त्याच, चकती तीच. फरक शोधूनहि सांपडणार नाहीं. भांडण फलकाचें नव्हतेंच.

अमेरिकेबाहेर नांव वापरण्याची सोय उरली नाहीं, म्हणून एलएलसीनें तेथें ‘जेनुइनो’ या नांवानें फलक विकण्यास आरंभ केला, आणि अमेरिकेंतील फलक तयार करण्याचें काम अ‍ॅडाफ्रूटकडे दिलें. दहा वर्षें जें नांव कमावलें तें समुद्र ओलांडतांच टाकून द्यावें लागत होतें. आराखडा देतांना ज्यांचा हात एकदांहि आंखडला नाहीं, तेच लोक एका शब्दासाठीं दोन खंडांत वकील उभे करीत होते, यांत वरवर विसंगति दिसेल. पण तिजोरींत दुसरें कांहीं ठेवलेंच नव्हतें.

समेट १ ऑक्टोबर २०१६ रोजीं न्यूयॉर्कच्या एका मेळाव्यांत जाहीर झाला. दोन्हीं बाजू एका कंपनींत एकत्र आल्या. २०१७ सालीं मार्तिनो सोडून उरलेल्या चार संस्थापकांच्या मंडळानें ती सर्व विकत घेतली, आणि नांव परत घरीं आलें.

याच २०१६ सालीं बारागान यांनीं आपली बाजू लेखी प्रसिद्ध केली. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें, कीं आर्डुइनो ज्या पायावर उभा आहे तो वायरिंगचा आहे. भाषा त्यांची, रचना त्यांची, आणि विद्यार्थी म्हणून त्यांनीं केलेलें हें काम त्यांना सामील न करतां दुसऱ्या नांवाखालीं पुढें नेण्यांत आलें. आर्डुइनोच्या इतिहासांत वायरिंगचा उल्लेख येतो, पण तो त्यांना अपुरा वाटला. खुल्या परवान्याखालीं या सर्वांस कायद्यानें मुभाच होती, हें त्यांनाहि मान्य असावें. येथें न्यायालयाला करण्यासारखें कांहींच नव्हतें. पांचांपैकीं एकानें नांव नोंदविलें तेव्हां उरलेल्यांना न्याय मागण्यास जागा होती, कारण नांवाची किंमत डॉलरांत मोजतां येते. ज्याचें काम नांव बदलून पुढें गेलें त्याला मात्र दाद मागण्यास ठिकाण नव्हतें. आराखड्याच्या परवान्यांत कर्त्याचा निर्देश करण्याची अट असते, ती केवढ्या अक्षरांत पाळावी हें कोणत्याहि परवान्यांत लिहिलेलें नसतें.

यानंतरचा भाग थोडक्यांत सांगण्यासारखा आहे. स्वस्त प्रतींपुढें नुसत्या फलकविक्रीवर भागेना, तेव्हां कंपनी कारखान्यांसाठीं महाग उपकरणें काढूं लागली, शाळांसाठीं संच विकूं लागली, आणि २०२२ सालीं तिनें ३ कोटि २० लाख डॉलरांचें भांडवल घेतलें. देणाऱ्यांत जर्मनीच्या बॉशची गुंतवणूक संस्था, आर्म, आणि चकत्या तयार करणारी जपानची रेनेसास कंपनी होती. पुढच्याच वर्षीं मुख्य फलकाची नवी आवृत्ति निघाली. इतकीं वर्षें ज्या घराण्याची चकती तीवर असे तिच्या जागीं रेनेसासची चकती आली. हें केवळ तांत्रिक कारणांनीं झालें असेलहि. तथापि पैसा कोठून आला आणि चकती कोणाची बसली, यांची सांगड घालण्याचा मोह आवरत नाहीं. चकत्या विकणाऱ्याला असा फलक म्हणजे आयती शाळाच: ज्या चकतीवर विद्यार्थी शिकला, तीच तो पुढें कारखान्यांत मागवितो. खुल्या फलकाच्या पोटांतील चकती मात्र पहिल्यापासून कधींच खुली नव्हती. तिचा आराखडा तिच्या कारखानदाराकडेच असे.

७ ऑक्टोबर २०२५ रोजीं अमेरिकेच्या क्वालकॉम या बलाढ्य कंपनीनें आर्डुइनो विकत घेण्याचा करार जाहीर केला. रक्कम सांगितली गेली नाहीं. आर्डुइनो वापरणारांची संख्या ३ कोटि ३० लाखांहून अधिक असल्याचें त्याच वेळीं सांगण्यांत आलें, आणि क्वालकॉमची चकती बसविलेला एक नवा फलकहि त्याच दिवशीं पुढें आला. जुन्या फलकांचे नकाशे लोकांच्या हातीं आहेतच; ते कोणाला परत घेतां येणार नाहींत. विकलें गेलें तें मुख्यतः राजाचें नांव, आणि त्या नांवाभोंवतीं जमलेली माणसें.

फलक हातीं घेणारा नवा विद्यार्थी पहिल्या दिवशीं दिवा लुकलुकविण्याचा पाठ करतो. त्यासाठीं तो ‘पिनमोड’ आणि ‘डिजिटलराइट’ असे दोन हुकूम लिहितो. हे शब्द बारागान यांच्या वायरिंगमधले आहेत. अधिकृत फलक असो, चिनी प्रत असो, वा क्वालकॉमच्या चकतीचा नवा फलक असो, ते तसेच चालत आले आहेत, आणि त्यांवर कोणाचेंहि शुल्क नाहीं.